गोल राखायला कोण?

नाशिक, १२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोन लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू पलीकडून नुसती हॅलो हॅलो करत राहतेस. शिवाय माझा फोन सध्या माझ्याकडे नसतोच. तो पप्पांच्या खिशात असतो. का, ते सांगते.

आपल्या प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि ज्ञानेशभाऊंची जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली. इतकी वर्षं नगरसेवक असलेले भाऊ एका चिठ्ठीने घरी बसले. दोन दिवस त्यांचं तोंड उतरलेलं होतं म्हणे. मग ते पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. आईने घाईघाईने शिरा केला. मला रिकामे कप उचलायला बाहेर बोलावलं, तेव्हा कळलं की मी उमेदवार आहे.

भाऊंचं म्हणणं असं की बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आलेली, विद्यापीठाच्या फुटबॉल संघात गोल राखलेली आणि विहारात दहावीच्या पोरांना फुकट शिकवणारी मुलगी कॉलनीत दुसरी कोण आहे? पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यापुढे मी कपांचा ट्रे घेऊन उभी होते. 

आता कॉलनीच्या तोंडाशी माझा फ्लेक्स लागलाय, आणि द्वारकेच्या चौकात त्याहून मोठा. फोटो आमच्या टीमचा होता, गेल्या वर्षी मुलींनी कप जिंकला तेव्हाचा. बाकीच्या सगळ्या कापून टाकल्यात. माझ्या शेजारी सृष्टी उभी होती, विहारामागच्या मोकळ्या जागेवर माझ्याकडे गोलकीपिंग शिकते ती. तिचा हात तेवढा माझ्या खांद्यावर राहिलाय. मनगटाच्या पुढे कोणी नाही. पलीकडे भाऊ नमस्कार करताहेत.

खरी गोष्ट ही की मला कोल्हापूरहून बोलावणं आलंय. तिथल्या एका महिला संघाला गोलरक्षक हवी आहे. खेळायचं, सकाळी लहान मुलींना शिकवायचं, राहायची सोय त्यांची. पंधरा डिसेंबरला हजर व्हायचंय. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, चेंडू झेलायला सगळं आयुष्य पडलंय, आणि माझा फोन त्यांनी स्वतःच्या खिशात टाकला.

मी काही वाईट केलं असतं तर लोक रागावले असते आणि मी भांडले तरी असते. इथे जो तो कौतुक करतो. कौतुकाशी कसं भांडायचं गं? अभ्यास, खेळ आणि समाजसेवा अशा तीन चौकटी करून भाऊंनी माझी हँडबिलं छापलीत. आवडलं म्हणून जे जे केलं, ते ते माझ्याभोवती कुंपणासारखं उभं राहिलंय. पप्पा या जगात एक तुझंच ऐकतात. त्यांना दोन ओळी लिही ना. पोरीला जाऊ दे, एवढंच.

आईने तुला जयभीम सांगितलाय. गुडघ्याला तेल लावत जा. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

तुझी पायल


सिन्नर, १७ नोव्हेंबर

चि. पायल हिस,
जयभीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय, अक्कल तेवढी अजून मैदानावर पडून आहे.

अगं, बातमी वाचून मी शेजारच्या यशोदाबाईंना साखर दिली, आणि तू रडतेस? तुझी आजी नवसाबाई पालिकेच्या नळावर हंडा घेऊन उभी राहायची. बायका तिला रांगेत मागे ढकलायच्या, आणि ती मुकाट्याने मागे व्हायची. मी लहान होते, तिच्या पदराला धरून मीही मागे व्हायचे. त्या नवसाबाईची नात आता पालिकेत जाऊन बसणार आहे आणि तिला चेंडू झेलायला कोल्हापूरला जायचंय! ही जागा कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. ती कशी मिळाली हे तुला मी सांगायला नको, विहारात तूच पोरांना सांगत असतेस.

भाऊ तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय, हे मलाही कळतं. चढ की मग! वर गेल्यावर लांबचं दिसतं. चांदवडकडे मी ज्या गावच्या शाळेत शिकवायचे, तिथे एक बाई सरपंच झाली होती. पहिलं वर्ष नवऱ्याने कारभार केला, दुसऱ्या वर्षी तिने त्याला ग्रामपंचायतीच्या बाहेर चपला राखायला बसवलं.

नवनाथला, तुझ्या बापाला, मी काही लिहिणार नाही. उलट हेच पत्र त्याला वाचून दाखव. तू हुशार आहेस, धीट आहेस. घाबरलीस म्हणून पळू नकोस. गोलरक्षकाने गोल सोडून पळायचं नसतं, हे मला तूच शिकवलंयस ना?

तुझ्या आईला सांग, सिंधू, तुझ्या लोणच्याची बरणी संपली. अभिमानाने फुगलेली,

तुझी आत्या


नाशिक, २४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र मला वाचून दाखवावं लागलंच नाही. पप्पांनीच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. मग ते भाऊंना दाखवलं. भाऊंनी नवसाबाईंचा हंडा भाषणात घेतलाय. परवा एका सभेत त्यांनी तो असा काही सांगितला की दोन बायका रडल्या. हंड्याला हात न लावलेला माणूस तो, आणि मी शेजारी हात जोडून उभी. तुझ्यावर रागावू की हसू, कळेना.

तू म्हणालीस वर गेल्यावर लांबचं दिसतं. आत्या, मला कुठलं झाडच दिलेलं नाही. मला एक खुर्ची दिलीय आणि तिच्यात बसवलंय. सकाळी सहाला प्रचार सुरू. कोणाच्या घरी किती वेळ थांबायचं, कोणाच्या पाया पडायचं, कोणाच्या बाळाला उचलायचं, सगळं भाऊंचा माणूस ठरवतो. परवा एका म्हाताऱ्याने विचारलं की गटारीचं काय करणार. मी तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊ बोलले. नंतर गाडीत त्यांनी प्रेमाने समजावलं की तू फकस्त हात जोडायचे बेटा, बोलायचं मी हाय ना. तुझी सरपंच बाई दुसऱ्या वर्षी बोलली. इथे कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या आत्ताच घेऊन ठेवल्यात.

आणि नगरसेवक होण्याला माझी ना नाही, हे तुला खरंच सांगते. असल्या नगरसेवक होण्याला आहे. पण मी नको म्हटलं की सगळे तुझंच वाक्य माझ्या तोंडावर मारतात, की गोलरक्षकाने पळायचं नसतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आडाच्या काठावर तू टाळ्या वाजवतेस.

तुला एक गोष्ट सांगते. गोलरक्षक गोलात उभी असते म्हणून तिला अख्खं मैदान दिसतं. मागून कोण येतंय, कुठे जागा सुटलीय, तिलाच दिसतं. म्हणून तिने सारखं ओरडायचं असतं. गप्प बसणारी गोलरक्षक काही कामाची नाही. मी सृष्टीला पहिलं हेच शिकवलं. आधी ओरड, मग झेल. बिचारी इतकी लाजरी की महिनाभर तिचा आवाजच निघत नव्हता. आता ती अशी ओरडते की विहारातले भंतेजी खिडकी लावून घेतात.

पण सध्या ती कुठेच ओरडत नाही. विहारामागच्या जागेवर भाऊंचा मंडप पडलाय. मुली येतात, मंडपाच्या खांबांकडे बघतात आणि घरी जातात. मंडप निघाला तरी जागा राहील की नाही शंकाच आहे. भाऊंच्या ऑफिसात भिंतीवर एक नकाशा आहे. त्यात आमच्या मैदानावर सभागृह काढलंय, भाऊंच्या वडिलांच्या नावाचं. मी विचारलं तर म्हणाले, ते काय आत्ताच हाय का.

तीस तारखेला त्याच मंडपात माझं नाव जाहीर करणार आहेत. तू आलीस तर बरं वाटेल. तुझ्याशी अबोला धरणारी, पण तुझीच,

पायल


नाशिक, २ डिसेंबर

ती. ताईस,
सविनय जयभीम.

विषय: आपल्या भाचीचे वर्तन.

ताई, ऑफिसात पत्रं लिहून लिहून ही सवय लागली आहे, हसू नकोस. हसण्याची वेळ नाही. गुडघ्यामुळे तू आली नाहीस ते एका परीने बरंच झालं.

तीस तारखेला मंडप गच्च भरला होता. पायलला दोनच वाक्यं बोलायची होती, की मी भाऊंच्या मार्गदर्शनाखाली काम करीन आणि आपला आशीर्वाद असावा. मी स्वतः तिच्याकडून घोकून घेतली होती. ती उठली, जयभीम घातला आणि थेट भाऊंकडे वळली. सगळ्यांसमोर विचारलं की आपण बसलोय त्या जागेवर सभागृह होणार आहे, तर मग मुलींनी खेळायचं कुठे? भाऊ हसले. बघू म्हणाले. हिने पुन्हा विचारलं. भाऊंच्या माणसाने माईक बंद केला, तर ही माईकशिवाय बोलली. तुला माहीत नाही ताई, तिचा मैदानावरचा आवाज काय आहे तो. पार रस्त्यापर्यंत गेला असेल. भाऊ हो म्हणोत नाहीतर नाही म्हणोत, पण आज, इथे म्हणोत, असं म्हणून ती उभीच राहिली. पुढच्या ओळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात सिंधूही होती.

भाऊंनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की पोरगी हुशार हाय, पण लय बोलती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेहुणीचं नाव जाहीर झालं, जातीचा दाखला तिच्याकडेही निघाला. ती बाई बोलत नाही. आणि सभागृहाला मंजुरी जुनीच असल्याने काम याच महिन्यात सुरू होणार आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हे उत्तर आहे.

ताई, तुला म्हणून सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा मला स्टेजवर खुर्ची मिळाली होती. उमेदवाराचे वडील म्हणून नाव पुकारलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं नाव कधी कोणी माईकवर घेतलं नाही. आता चहाच्या टपरीवर लोक मला बघून पेपर वर धरतात. पोरगी जेवत नाही, बोलत नाही. सिंधू माझ्याशी बोलत नाही. तू तिला समजाव. भाऊंची एकदा माफी मागितली तर निदान वैर तरी राहणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा तुझा धाकटा भाऊ,

नवनाथ


नाशिक, ७ डिसेंबर

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

पप्पांनी तुला कळवलं असेलच. माफी मागणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला वाटलं होतं बोलले की सुटेन. सुटले पण. फोन परत मिळाला. त्यावर आता कोणाचाच फोन येत नाही. द्वारकेच्या फ्लेक्सवर माझ्या तोंडावर भाऊंच्या मेहुणीचा फोटो चिकटवलाय. घाईत खांद्यावरचा हात मात्र राहून गेला. सृष्टी तो बघायला सायकलवर गेली होती. मला म्हणाली, ताई, माझा हात अजून हाय तिथं.

काल मंडप निघाला आणि आज सकाळी माणसं येऊन जागा मोजून गेली. चुना टाकलाय. चुन्याची एक रेघ बरोब्बर गोलाच्या दोन पाइपांमधून जाते. संध्याकाळी मुली त्या रेघेवरून खेळल्या. खेळून झाल्यावर कोणी घरी जाईना. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. कोणी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कोल्हापूरवाल्यांचा पुन्हा निरोप आला, की पंधराची वाट बघतोय. आता घरातून कोणी अडवणार नाही. पप्पांना तर मी नजरेआड झाले तर बरंच वाटेल. दार सताड उघडं आहे आत्या, आणि माझाच पाय निघत नाही. भांडण मी काढलं, त्याची शिक्षा या पोरींना झाली. मी गप्प बसले असते तर मैदान निदान निवडणुकीपर्यंत तरी राहिलं असतं. चेंडू अंगावर आलाय आणि मी बॅग भरून निघाले, असं कसं करू? तू लिहिलंस तेच खरं. गोल सोडून पळायचं नसतं. मी कोल्हापूरला नकार कळवणार आहे. चार दिवसांत कळवीन.

तुझ्यावर राग नाही. थकले आहे फक्त. तुझी,

पायल


सिन्नर, १० डिसेंबर

चि. पायल हिस,
जयभीम व अ. उ. आ.

हे पत्र पोस्टाने न पाठवता द्वारकेला जाणाऱ्या जीपवाल्या भिकनच्या हाती देतेय. ते घरी पोचवल्याशिवाय त्याला भाडं मिळणार नाही, असं सांगितलंय. म्हणजे तू कोल्हापूरला काही कळवायच्या आत पोचेल. कळवलं असलंस तर ताबडतोब फिरव.

मी तुला लिहिलं की पळू नकोस. ते बोलणं माझं, आणि ते मीच मागे घेते. मी नवसाबाईच्या हंड्याकडे बघत होते, तुझ्याकडे बघायचं राहून गेलं. नवनाथचं तक्रारीचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण इतकी सुंदर तक्रार मी जन्मात वाचली नव्हती. आजी रांगेत मागे झाली, मी मागे झाले, आणि तू माईकशिवाय उभी राहिलीस. पालिकेत जायचं ते दुसरं कशासाठी असतं?

आता ऐक. तुमच्या खेळात गोलरक्षक बदलता येतो ना? टीव्हीवर पाहिलंय मी. एक बाहेर येते, दुसरी हातमोजे घालून आत जाते, आणि बाहेर येणारीला कोणी पळपुटी म्हणत नाही. बॅग भर. मी बारा तारखेला येते. सिंधूला माझं अंथरूण घालून ठेवायला सांग, आणि नवनाथला सांग की मी राहायला येतेय, त्याचं ऐकायला नाही.

गुडघा बरा आहे. बसण्यापुरता तर उत्तम आहे. तुझ्यामागे उभी,

आत्या


नाशिक, २१ डिसेंबर

चि. पायल हिस,
जयभीम व अ. उ. आ.

पहिल्याच सराव सामन्यात तुझ्या हातून गोल सुटला, असं तू सिंधूला फोनवर सांगितलंस म्हणे. बरं झालं. तिथे तरी कोणी तुझा फ्लेक्स लावणार नाही. तांबडा रस्सा बेताने खा.

इथली हकिकत अशी. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहारातली एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि गोलात नेऊन ठेवली, बरोब्बर त्या चुन्याच्या रेघेवर. दहावीच्या पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या. थोड्या वेळाने जेसीबी आला. चालक उतरला, हात हलवून काहीतरी म्हणाला. मी कानाकडे बोट दाखवलं. मशीन काढून पर्समध्ये ठेवलं होतं. तो बिचारा ओरडून ओरडून लाल झाला, मग इंजिन बंद करून झाडाखाली झोपला. मग मुकादम आला. मग भाऊचा माणूस. सगळे भरपूर बोलले असावेत. मी प्रत्येकाला हसून जयभीम घातला आणि पुढची वही उघडली. निवडणुकीच्या तोंडावर एका रिटायर बाईला विहारामागून उचलून न्यायची कोणाची छाती होईना. शिवाय सृष्टी आणि मंडळी शाळा सुटली की येतात आणि माझ्या आजूबाजूने खेळतात. चेंडू दोनदा लागला मला. तुझी शिष्या म्हणते, बाई, ओरडत जा.

हे किती दिवस चालेल, मला माहीत नाही. निवडणूक झाली की भाऊची भीड चेपेल. संध्याकाळी कंबर धरते, आणि मधूनच वाटतं की आपणच या दोन पाइपांमध्ये अडकून पडलोय. पण तू तिथे असताना मी इथून उठणं शक्य नाही.

आणि काल नवनाथ आला. भाऊने पाठवलं असणार, बहिणीला उठव म्हणून. ऑफिसचे कपडे, हातात डबा. माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. फार वेळ बोलला. लहानपणी रडायचा तसा त्याचा खालचा ओठ हलत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि त्यालाही ते माहीत होतं, तरी बोलत राहिला. सगळं बोलून झाल्यावर तो वळला आणि निघून गेला. मला वाटलं, भावाचा उरलासुरला लोभही गेला.

थोड्या वेळाने मान वर केली, तर तो विहाराकडून परत येत होता. डोक्यावर उलटी धरलेली दुसरी खुर्ची होती. ती त्याने माझ्या शेजारी ठेवली, रुमालाने पुसली आणि बसला. डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

आज त्याने रजा टाकली आहे. हे पत्र मी तिथेच बसून लिहितेय, तो पोरींना जागा सोडायला पाय आखडून बसलाय. तू परत येशील तेव्हा हा गोल तुझ्यासाठी जागेवर असो, एवढंच मागते. तिकडचा मात्र एकही सोडू नकोस.

तुझी आत्या, आणि शेजारी तुझे पप्पा